बालस्थूलता : एका अहवालातील कायदा आणि उपदेश

जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्ये बालकांतील स्थूलतेचा विचार करण्यासाठी एक आयोग नेमला. पीटर ग्लकमन आणि सानिया निश्तर हे त्याचे सहाध्यक्ष होते. आयोगाचा अंतिम अहवाल जानेवारी २०१६ मध्ये सादर झाला. जगातील पाच वर्षांखालील अतिवजनी मुलांची संख्या १९९० मध्ये ३ कोटी १० लाख होती, ती २०१४ मध्ये ४ कोटी १० लाखांवर गेली आणि त्यांतील जवळजवळ निम्मी मुले आशिया खंडातील होती, असे या अहवालाने नोंदविले. आज या विषयावरील धोरणविचार बव्हंशी याच अहवालाच्या चौकटीत चालतो. त्यामुळे त्या चौकटीचे गुणदोष पारखून पाहणे अगत्याचे ठरते.

अहवालाचा पहिला गुण म्हणजे त्याने मुलाला आणि त्याच्या आईबापांना आरोपीच्या पिंजऱ्यातून बाहेर काढले. मूल काय खाते हे त्याच्या इच्छेपेक्षा त्याच्या भोवतालची बाजारपेठ, जाहिराती, शाळा आणि खेळायला मिळणारी जागा यांवर अवलंबून असते, ही भूमिका त्यात ठामपणे मांडली आहे. शिफारशींचे सहा गट आहेत : आहार, शारीरिक हालचाल, गर्भधारणेपूर्वीची व गर्भावस्थेतील काळजी, शैशव, शालेय वय आणि स्थूल मुलांवरील उपचार. उपचाराची शिफारस शेवटी येते. कुटुंबाला सामावून घेणारी, आहार, हालचाल आणि मानसिक आधार यांची सांगड घालणारी सेवा आयोगाला अभिप्रेत आहे. प्रतिबंधाला दिलेले हे अग्रस्थान योग्यच होय.

अहवालाच्या मर्यादेचा विचार मात्र पुण्याजवळील सहा खेड्यांपासून सुरू करावा लागतो. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी तेथे १९९३ मध्ये माता-पोषणाचा अभ्यास हाती घेतला. या मातांचे गर्भधारणेपूर्वीचे सरासरी वजन सुमारे ४२ किलो होते. त्यांच्या पूर्ण दिवसांच्या अर्भकांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील गौरवर्णीय अर्भकांचे ३.५ किलो भरले. पुण्याकडील अर्भके स्नायूंच्या बाबतीत फार उणी होती. पाठीवर चिमटीत धरून मोजलेली त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने फारशी घटलेली नव्हती. वजनाला कमी, पण चरबीच्या प्रमाणाने जड अशी ही ‘कृश-स्थूल’ अर्भके होत. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाने ‘स्थूल’ आणि ‘कुपोषित’ ही दोन भिन्न मुले आहेत, ही समजूतच डळमळीत केली.

आयोग या गोष्टीविषयी अनभिज्ञ होता, असे म्हणता येणार नाही. उंचीच्या मानाने वजन पाहणाऱ्या बॉडी मास इंडेक्सने पोटाभोवती चरबी साठलेली सर्व मुले ओळखली जात नाहीत, हे अहवालात मान्य केले आहे. गर्भावस्थेतील कुपोषणामुळे पुढे स्थूलतेची प्रवृत्ती निर्माण होते, हेही त्यात सांगितले आहे. दोष निदानात नाही. निदानावरून शिफारशीकडे येताना जो स्वर बदलतो, त्यात आहे. गोड पेयांवर कर बसवा, मुलांना उद्देशून केलेल्या जाहिरातींना आळा घाला, शाळेच्या परिसरातून अपायकारक पदार्थ हद्दपार करा, स्तनपानासाठी प्रसूतिरजेसारखी तरतूद करा : या सर्व ठिकाणी शासनाला उद्देशून आज्ञार्थ वापरला आहे. गर्भावस्थेच्या प्रकरणात रक्तशर्करा व रक्तदाब यांवर उपचार आणि वजनवाढीवर लक्ष ठेवण्याची सूचना आहे. पण मातेच्या पोषणाविषयी जे आहे ते मुख्यतः मार्गदर्शन. भावी मातापित्यांना योग्य आहाराविषयी सांगावे, एवढेच. व्यक्तीला दोषी न धरण्याची जी प्रतिज्ञा अहवालाने आरंभी केली, ती नेमकी येथे शिथिल होते. बाजारासाठी कायदा आणि मातेसाठी उपदेश, अशी ही विभागणी आहे.

पुण्याच्याच अभ्यासावरून हा उपदेश किती अपुरा आहे ते दिसते. तेथे अर्भकाच्या आकारमानाचा संबंध मातेच्या आहारातील एकूण उष्मांकांशी नव्हे, तर दूध, हिरव्या पालेभाज्या आणि फळे यांच्याशी आढळला. पुढे, मातेच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व कमी आणि फोलेट अधिक असल्यास सहाव्या वर्षी मुलाच्या शरीराचा इन्सुलिनला होणारा विरोध अधिक, असे दिसून आले. बेचाळीस किलो वजनाच्या, शेतात राबणाऱ्या स्त्रीला दूध-भाजी चांगली हे ठाऊक नसते असे नाही. तिला ती मिळत नाहीत आणि विसावाही मिळत नाही.

यावर दोन आक्षेप संभवतात. चरबी मोजण्याची साधने महाग असल्याने जागतिक अहवालाला सोपे मापच स्वीकारावे लागते, हा पहिला. आणि सहा खेड्यांच्या निरीक्षणावरून सर्वत्र लागू होणारे धोरण आखता येत नाही, हा दुसरा. दोन्हींत तथ्य आहे. सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे, म्हणूनच त्याच खेड्यांतील मुले किशोरवयात आल्यावर त्यांना ब-१२ देऊन पुढील पिढीवरील परिणाम तपासण्याचा प्रयोग २०१२ मध्ये सुरू करावा लागला. परंतु गर्भावस्थेतील कुपोषणाचा मार्ग अहवालाने स्वतःच मान्य केला असल्याने त्या मार्गावरील शासनाचे दायित्व स्पष्ट करण्यास या आक्षेपांची अडचण येत नाही.

भारतापुरते पाहता ही उणीव केवळ तात्त्विक राहत नाही. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) पाच वर्षांखालील ३.४ टक्के मुले अतिवजनी, तर ३५.५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. रूढ माप लावले तर स्थूलतेचा प्रश्न येथे लहान ठरतो आणि शहरी सुखवस्तू घरांपुरता उरतो. शाळेच्या आवारात आणि भोवतालच्या ५० मीटरांत अतिचरबी, अतिसाखर व अतिमिठाच्या पदार्थांच्या विक्रीस मनाई करणारे २०२० चे नियम आवश्यकच आहेत. पण ते मुलाला शाळेच्या दाराशी गाठतात. उलट, अंगणवाडीत केवळ वयानुसार वजन पाहिले, तर खुज्या मुलाच्या अंगी चढलेली चरबीही प्रगती म्हणून नोंदली जाण्याचा धोका राहतो. कुपोषणाची योजना आणि स्थूलतेची योजना वेगवेगळ्या वहीत लिहिल्या गेल्या, की दोहोंच्या मध्ये सापडलेले मूल कोणत्याच वहीत येत नाही.

सारांश, आयोगाचा अहवाल आपल्या तत्त्वाला जेथे जागतो तेथे तो मोलाचा आहे. त्याची पुढील आवृत्ती व्हावयाची असेल, तर गर्भावस्थेच्या प्रकरणातही करांच्या प्रकरणातला आज्ञार्थ यावयास हवा : शासनाने मातेला काय सांगावे याबरोबरच तिला काय पुरवावे, हेही तेथे लिहिले गेले पाहिजे.