सौजन्याचे शब्द आणि वर्गाचा प्रश्न

समाजातील वंचित समूहांविषयी बोलताना कोणते शब्द वापरावेत व कोणते टाळावेत, याची एक संमत परिभाषा आज शासकीय आदेश, वृत्तपत्रे आणि विद्यापीठीय चर्चासत्रे यांत रूढ झाली आहे. तिच्यामागील हेतू बहुधा चांगला असतो. ज्या समाजाला शतकानुशतके नावानेच हिणविले गेले, त्याने अपमानकारक शब्दांच्या उच्चाटनाचा आग्रह धरावा, यात वावगे काहीच नाही. परंतु शब्द केवळ आदर वा अनादर व्यक्त करीत नाही. तो विचाराची चौकटही आखतो. कोणाला मोजावयाचे, कोणाला वगळावयाचे आणि कोणता प्रश्न मुळात उपस्थितच होऊ द्यावयाचा नाही, हे पुष्कळदा शब्दच ठरवितो. म्हणून सभ्य शब्दाची परीक्षा त्याच्या गोडव्यावरून करू नये. त्याने काय उघड केले आणि काय झाकले, यावरून करावी.

या परीक्षेला धम्माचा आधार आहे. मज्झिम निकायातील अभयराजकुमार सुत्तात तथागतांनी वाणी तीन अंगांनी तपासली आहे: ती सत्य आहे काय, हितकर आहे काय आणि ऐकणाऱ्याला प्रिय आहे काय. जे सत्य व हितकर आहे ते अप्रिय असले तरी तथागत योग्य वेळी बोलतात. जे प्रिय आहे पण असत्य वा अहितकर आहे ते कधीच बोलत नाहीत. सम्यक वाचेत कठोर वचनाचा त्याग येतो, हे खरेच. पण त्याच्या आधी मृषावादाचा त्याग येतो. ज्या मृदू शब्दामुळे असत्य खपून जाते, तो सम्यक वाचेच्या कसोटीला उतरत नाही.

प्रथम 'हरिजन' हा शब्द घेऊ. गांधीजींनी १९३२ मध्ये त्याचा पुरस्कार केला आणि फेब्रुवारी १९३३ मध्ये त्याच नावाचे साप्ताहिक सुरू झाले. शब्द गोड होता. परंतु त्याने हक्काचा प्रश्न दयेच्या प्रश्नात रूपांतरित केला. देवाच्या लेकरांची सेवा करावयाची असते. त्यांची मजुरी, जमीन आणि वेठबिगार यांचा हिशेब द्यावयाचा नसतो. जानेवारी १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत स्थानिक मंडळांच्या कायद्यातील दुरुस्तीच्या निमित्ताने हा शब्द कायद्यात येऊ लागला, तेव्हा दादासाहेब गायकवाड यांनी आक्षेप घेतला. अस्पृश्य जर देवाची माणसे, तर स्पृश्यांना राक्षसांची माणसे समजावे काय, अशा आशयाचा त्यांचा प्रश्न होता. सरकार बधले नाही, तेव्हा बाबासाहेबांसह स्वतंत्र मजूर पक्षाच्या सभासदांनी सभात्याग केला.

नावांवरून भांडणे हा सुशिक्षितांचा छंद आहे, खरा प्रश्न भाकरीचा आहे, असे डाव्या विचाराचे काही मित्र म्हणतात. त्यांनी त्या काळातील घटनाक्रम पाहावा. सप्टेंबर १९३७ मध्ये बाबासाहेबांनी खोती पद्धती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. ज्या जानेवारीत सभात्याग झाला, त्याच जानेवारीत कोकणातील शेतकऱ्यांचा प्रचंड मोर्चा मुंबईच्या कौन्सिल हॉलवर गेला. पुढच्याच महिन्यात मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचे सांगितले. शब्दाचा लढा आणि वर्गाचा लढा यांत त्यांनी कधी फारकत केली नाही. कारण चुकीच्या नावाने मांडलेल्या प्रश्नाला योग्य उत्तर मिळत नाही, हे ते जाणून होते.

आता आजचा एक शब्दप्रयोग पाहू. 'आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक' यात जातीचा उल्लेख नाही. ऐकणाऱ्यास वाटते, हा निखळ वर्गाचा विचार आहे. परंतु जानेवारी २०१९ च्या १०३ व्या घटनादुरुस्तीने या घटकांसाठी १० टक्क्यांपर्यंत आरक्षणाची तरतूद करताना अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि इतर मागासवर्ग यांना त्यातून वगळले. कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा मात्र ८ लाख रुपये ठरली. म्हणजे आठ लाखांच्या आतील उच्चवर्णीय कुटुंब कायद्याने 'दुर्बल' ठरू शकते. मराठवाड्यातील भूमिहीन बौद्ध शेतमजूर ठरू शकत नाही. संविधानाच्या ४६ व्या अनुच्छेदात 'दुर्बल घटक' हा शब्द येतो तेव्हा त्यात अनुसूचित जाती व जमातींचा विशेषत्वाने निर्देश आहे. सात दशकांनंतर तोच शब्द त्यांना बाहेर ठेवण्यासाठी वापरला गेला. सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२२ रोजी ही दुरुस्ती ३ विरुद्ध २ अशा मताधिक्याने वैध ठरविली. विरोधी मत देणाऱ्या दोन न्यायमूर्तींनी नेमका या वगळण्यावर आक्षेप घेतला.

यावर असे सांगितले जाते की, या समूहांना स्वतंत्र आरक्षण आहेच. हा युक्तिवाद विचारात घेतला पाहिजे. पण तो शब्दाच्या विरुद्धच जातो. अनुसूचित जातींचे आरक्षण हे बहिष्कारावरील आणि प्रतिनिधित्वाच्या अभावावरील उपाय आहे. ती दारिद्र्यनिवारणाची योजना नाही. नवे आरक्षण दारिद्र्यासाठी असेल, तर सर्वच दरिद्री त्यात आले पाहिजेत. तसे नसेल, तर त्याला दारिद्र्याचे नाव देऊ नये. या शब्दाचा दूरगामी परिणाम असा की, आरक्षण म्हणजे गरिबांना मदत, ही समजूत लोकमानसात पक्की होते आणि 'निकष आर्थिकच असावा' हे विधान न्याय्य वाटू लागते. वर्गाची भाषा जातीचा प्रश्न पुसण्यासाठी कशी वापरता येते, याचे याहून स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल.

तिसरे उदाहरण अधिक दारुण आहे. २०१३ च्या कायद्यात हाताने मैला साफ करणे आणि गटारे व मलटाक्यांची 'धोकादायक सफाई' अशा दोन वेगळ्या संज्ञा आहेत. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने राज्यसभेत सांगितले की, हाताने मैला साफ करताना एकही मृत्यू झाल्याची नोंद नाही. त्याच वर्षी सरकारनेच दिलेल्या माहितीप्रमाणे मागील पाच वर्षांत गटारे व मलटाक्या साफ करताना तीनशेहून अधिक माणसे मरण पावली होती. माणसे मेली, फक्त एका संज्ञेखाली मेली नाहीत. याच कामगारांना आता 'सफाईमित्र' म्हटले जाते. संबोधन आदराचे आहे. पण कामगाराला वेतनश्रेणी असते, सुट्टी असते, भरपाईचा दावा असतो. मित्राला यांपैकी काही नसते. कंत्राटदाराला असा मित्र सोयीचाच वाटणार.

ही परीक्षा आपण स्वतःच्या घरातही केली पाहिजे. १९७३ च्या दलित पँथरच्या जाहीरनाम्याने 'दलित' या शब्दात अनुसूचित जाती-जमाती, बौद्ध, कष्टकरी, भूमिहीन आणि स्त्रिया या सर्वांना सामावून घेतले होते. ऑगस्ट २०१८ मध्ये केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने प्रसारमाध्यमांना हा शब्द टाळून 'अनुसूचित जाती' म्हणण्याची सूचना केली. 'अनुसूचित' हा शब्द एका यादीकडे बोट दाखवितो. 'दलित' हा शब्द दळणाऱ्याकडे दाखवितो. दुसरीकडे आपल्यातील अनेकांची भूमिका अशी की, १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आपण बौद्ध आहोत, दलित नाही. ही भूमिका स्वाभिमानाची आहे आणि तत्त्वतः योग्यही आहे. परंतु नोकरी-शिक्षणाने स्थिरावलेला बौद्ध जेव्हा या नावाच्या आडून वस्तीतल्या सफाई कामगाराशी आपला संबंध उरला नाही असे सुचवू लागतो, तेव्हा ते नाव धम्माचे न राहता एका वर्गाचे होते.

अरणविभंग सुत्तात एकाच भांड्याला निरनिराळ्या जनपदांत पाती, पत्त, सराव अशी वेगवेगळी नावे असल्याचा दाखला आहे. आपलेच नाव खरे आणि बाकी सारी खोटी, असा अभिनिवेश धरू नये आणि रूढ संज्ञा झुगारूही नये, असा तेथील उपदेश आहे. 'बौद्ध' की 'दलित' या वादालाही तो लागू पडतो. नाव कोणतेही असो, भांड्यात काय आहे हे विसरू नये.

थेरगाथेतील सुनीत थेरांनी आपले पूर्वायुष्य सांगताना नीच मानलेले कुळ, दारिद्र्य, निर्माल्य काढून टाकण्याचे काम आणि लोकांनी केलेला तिरस्कार यांपैकी काहीही झाकले नाही. भगवंतांनीही त्यांना एखादे गोड संबोधन देऊन त्याच कामावर परत पाठविले नाही. त्यांना संघात घेतले. नवा सन्माननीय शब्द आपल्यापुढे येईल तेव्हा एवढेच विचारावे: या शब्दाने माणसाचे काम बदलले, मजुरी बदलली, समाजातील स्थान बदलले, की केवळ बोलणाऱ्याचा संकोच दूर झाला?