एफसिंक फेल झालं, मग पुढे? एक पेपर वाचताना

एफसिंकला एरर आली की तुम्ही काय करता? पुन्हा कॉल करता, 'ओके' येतं, आपण निर्धास्त. पोस्टग्रेसही हेच करायचं. २०१८ मध्ये त्यातली चूक उघड झाली.

म्हणून रिबेलो आणि सहकाऱ्यांचा २०२० चा युसनिक्स एटीसीमधला पेपर वाचाच. त्यांनी मुद्दाम राइट फेल करून ईएक्सटी४, एक्सएफएस आणि बीटीआरएफएस तपासल्या. लिहिणं फसलं तरी कर्नल मेमरीतलं पेज 'क्लीन' ठरवतो. मग दुसऱ्या एफसिंकला लिहायला उरतंच काय? आमच्या इंदुरीजवळच्या देहूची आख्यायिका आठवा: गाथा बुडाली, पण लोकांना पाठ होती. इथे ती पाठ असलेली प्रतच कर्नल केव्हाही टाकून देऊ शकतो.

पेपरची ताकद त्याच्या प्रश्नात आहे. 'बग कुणाचा?' असं न विचारता तो विचारतो, 'फेल झाल्यावर मेमरीत काय, डिस्कवर काय?' रेडिसपासून पोस्टग्रेसपर्यंत पाच अ‍ॅप्लिकेशन्स तपासली; कुणाचाच उपाय पुरेसा ठरला नाही.

कमतरता? एकेकटा, तात्पुरता राइट फेल्युअरच तपासलाय. नेटवर्क फाइल सिस्टिम नाहीतच. म्हणजे प्रत्यक्षातलं चित्र याहून वाईट असू शकतं. तुमचा रिसर्च प्रश्न कदाचित तिथेच दडलाय. पेपर हातात घेतलात की आधी एका ओळीत लिहा: यांनी नेमकं काय बिघडवलं, आणि काय बिघडवलंच नाही.