'फँड्री'तला दगड आणि आपला वर्ग

नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री' (२०१३) या चित्रपटाच्या शेवटी जब्या हा शाळकरी मुलगा टवाळखोरांवर दगड भिरकावतो आणि अखेरचा दगड थेट प्रेक्षकाच्या दिशेने येतो. या दृश्याकडे बहुधा विद्रोह म्हणून पाहिले जाते. ते चूक नाही. पण शिक्षकाला तेवढे पुरणार नाही.

वैफल्यातून आक्रमकता उपजते, असे येल विद्यापीठातील डोलार्ड, मिलर आदी मानसशास्त्रज्ञांनी १९३९ मध्ये मांडले. दोनच वर्षांनी मिलर यांनी त्यात दुरुस्ती केली : आक्रमकता हा वैफल्याचा एकमेव परिणाम नव्हे. जब्या या दुरुस्तीचे बोलके उदाहरण आहे. हवी ती जीन्स मिळत नाही, आवडती शालू दूरच राहते, जात पाठ सोडत नाही. तरी तो कोणाला मारत नाही. तो लपतो, गप्प होतो, काळ्या चिमणीच्या मागे रानोमाळ फिरतो. दगड उचलतो तो डुकरे पकडताना, वर्गमित्रांच्या देखत घरच्यांची टवाळी झाल्यावर. म्हणजे दगड हे एका लांब साखळीचे शेवटचे टोक आहे. आधीच्या कड्या संयमाने दाखवणे हे या चित्रपटाचे मोठे यश.

शाळेचे चित्रणही बोचरे आहे. भिंतीवर फुले-आंबेडकर आहेत, वर्गात चोखामेळ्याचा अभंग शिकवला जातो. पण जब्याच्या गप्प होण्याची दखल कोणीच घेत नाही.

उणीव जाणवते ती शेवटात. दगडापाशीच चित्रपट थांबत असल्यामुळे साचलेला राग मोकळा झाला, असे समाधान प्रेक्षकाला मिळते. प्रयोग मात्र वेगळे सांगतात. बुशमन यांच्या २००२ च्या प्रयोगात, डिवचणाऱ्याला मनात आणून पिशवीवर ठोसे मारणाऱ्या विद्यार्थ्यांचा राग अधिक भडकलेला आढळला. काहीच न करता बसलेले त्यांच्यापेक्षा शांत होते. जब्याचा दुसरा दिवस कसा उजाडला असेल, हा प्रश्न चित्रपट आपल्यावर सोडतो.

वाशीम जिल्ह्यातील जऊळका असो वा पुण्यातील एखादी पेठ, वर्गात मारामारी झाली की आपण विचारतो, "आधी हात कोणी उचलला?" त्याऐवजी, त्याआधी काय घडले, कोठे घडले, कोण हसत होते, याची आठवडाभर नोंद ठेवून पाहावी. चिडवणे नेमके कोठे थांबवायचे, ते त्या नोंदीतून कळेल. छडी हा उपाय नव्हे. मोठ्यांना बाहुलीला मारताना पाहून मुलेही तसेच मारतात, हे बांडुरा यांनी १९६१ मध्येच दाखवले. शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) कलम १७ नेही शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई केली आहे.

शिक्षकांनी हा चित्रपट नववी-दहावीच्या मुलांबरोबर जरूर पाहावा. चर्चा मात्र दगडापासून सुरू करू नये. जब्या पहिल्यांदा गप्प झाला, तेथून करावी.