ट्रिनिटी नदीचा प्रवाह-अभ्यास : एक परीक्षण

धरणाखालच्या नदीत मासा टिकावा म्हणून किती पाणी सोडावे, हा प्रश्न बहुधा एका आकड्याच्या अपेक्षेने विचारला जातो. कॅलिफोर्नियातील ट्रिनिटी नदीविषयीच्या प्रवाह-मूल्यमापन अहवालाचे महत्त्व असे की, तो ही अपेक्षाच अमान्य करतो. अमेरिकेचे मत्स्य व वन्यजीव खाते आणि हूपा व्हॅली जमात यांनी हा अहवाल १९९९ साली सिद्ध केला.

लुईस्टन येथील धरणाने १९६३ पासून सॅल्मन माशांची वरची वाट रोखली व बहुतेक पाणी सॅक्रामेंटोच्या खोऱ्याकडे वळविले गेले. नदीच्या वाट्याला वर्षाकाठी सुमारे १,२०,५०० एकर-फूट पाणी उरले. पुराचा जोर ओसरताच काठाने झाडी माजली, तिच्या मुळांशी वाळू साचून बांध तयार झाले आणि पिलांना आवश्यक असे काठचे उथळ, संथ पाणी नाहीसे झाले. येथे किमान प्रवाहाचा आकडा थोडा वाढवून भागणार नव्हते. म्हणून अहवालाने खोऱ्यातून येणाऱ्या वार्षिक पाण्याच्या प्रमाणानुसार वर्षांचे पाच प्रकार केले. अतिशुष्क वर्षी ३,६९,००० तर अतिजलाच्या वर्षी ८,१५,००० एकर-फूट पाणी सुचविले आणि कमाल विसर्ग १,५०० पासून ११,००० क्युसेकपर्यंत ठरविला. गोटे हलविणे, वाळू धुऊन नेणे, समुद्राकडे निघालेल्या पिलांसाठी पाणी थंड राखणे, अशी निश्चित कामे त्या त्या प्रवाहाकडे सोपविली. प्रत्येक आकड्यामागे असे कारण असणे, हा या अभ्यासाचा खरा गुण होय. डिसेंबर २००० मध्ये शासनाने या शिफारशी स्वीकारल्या. त्यांना दिलेले आव्हान २००४ साली अपील न्यायालयात टिकले नाही.

तथापि अहवालाची मर्यादाही तितकीच बोधप्रद आहे. उन्हाळ्यातील ४५० क्युसेकचा विसर्ग ट्रिनिटीतील माशांच्या गरजेवरून ठरविलेला होता. परंतु समुद्रातून परतणाऱ्या सॅल्मनला ट्रिनिटी गाठण्यापूर्वी क्लॅमथ नदी ओलांडून यावे लागते. सप्टेंबर २००२ मध्ये क्लॅमथच्या खालच्या भागात प्रवाह क्षीण असताना माशांची दाटी झाली, रोग पसरला आणि किमान ३४,००० मासे मेले. पुढे काही वर्षी तेथील माशांसाठी ट्रिनिटीच्या धरणातून जादा पाणी सोडावे लागले. अहवालाची सीमा नदीनुसार आखली गेली होती. स्थलांतरी माशाचा मार्ग त्या सीमेपलीकडेही जात होता.

धरणावरील १०९ मैलांचे जुने अधिवासक्षेत्र तर कोणत्याही विसर्गाने परत मिळणारे नव्हे. या दोन मर्यादा ध्यानात ठेवून अभ्यासकाने या ग्रंथातील आकडे नव्हे, तर आकड्यांमागील कारणमीमांसा स्वीकारावी. आणि अभ्यासाचे क्षेत्र ठरविताना माशाचा समग्र प्रवास प्रमाण मानावा.