बिंदूची नक्कल आणि बिंदूकडे पाहणे : प्राथमिक शाळेतील ‘प्रख्यात चित्रकार’ उपक्रमाचा परामर्श

प्रस्तावना

प्राथमिक शाळांच्या कलाशिक्षणात एक उपक्रम आता चांगलाच रुळला आहे. एखादा प्रख्यात चित्रकार निवडावयाचा, त्याचे एक चित्र मुलांना दाखवावयाचे आणि त्यापासून ‘प्रेरणा’ घेऊन मुलांकडून चित्रे करून घ्यावयाची, असे त्याचे स्वरूप असते. व्हॅन गॉग यांचे तारांगण, मातिस यांची रंगीत कागदांची कात्रणे, जिव्या सोमा मशे यांच्यामुळे जगभर पोहोचलेली वारली चित्रे आणि सय्यद हैदर रझा यांचा ‘बिंदू’ ही त्याची नेहमीची उदाहरणे होत. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ ने कला हा विषय दहावीपर्यंत अनिवार्य असावा, अशी शिफारस केली होती. चित्रकलेचा तास गणिताला देऊन टाकण्याच्या प्रथेपेक्षा हा उपक्रम केव्हाही बरा. तथापि मुलाने चित्रकाराकडून नेमके काय घ्यावे, हा प्रश्न त्यात बहुधा विचारलाच जात नाही. प्रस्तुत लेखात रझा यांच्या बिंदूच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

भिंतीवरील चाळीस बिंदू

एका प्राथमिक शाळेच्या वार्षिक प्रदर्शनात प्रस्तुत लेखकाने रझांवरील असा उपक्रम पाहिला. भिंतीवर चाळीसेक कागद लावले होते. प्रत्येकाच्या बरोबर मध्यभागी काळे वर्तुळ, त्याभोवती लाल, पिवळी, निळी कडी. वर्तुळे बांगड्या आणि डब्यांची झाकणे ठेवून आखलेली होती. रंग कोठेही रेषेबाहेर गेलेला नव्हता. पालक खूश होते.

भिंतीखालच्या टेबलावर एक कागद वेगळा पडला होता. त्यात काळे वर्तुळ कोपऱ्यात सरकले होते, कडी कागदाच्या कडेला तुटली होती आणि काळ्या रंगात पांढरा ठिपका सोडलेला होता. ‘‘सर, तिला मध्यभागी काढायला सांगितलं होतं, तिने ऐकलं नाही,’’ वर्गशिक्षिका म्हणाल्या. जवळ उभ्या असलेल्या मुलीला विचारले, तेव्हा ती म्हणाली, ‘‘ही आमची विहीर आहे. वाकून पाहिलं की आत आभाळ दिसतं.’’

त्या दिवशी अभिप्रायवहीत लेखकानेही भिंतीचेच कौतुक लिहिले. टेबलावरच्या कागदाबद्दल एक शब्दही लिहिला नाही. या लेखाचे निमित्त ती चूक आहे.

रझांचा बिंदू कोठून आला?

रझा यांचा जन्म १९२२ साली आजच्या मध्य प्रदेशातील मंडला जिल्ह्यात बाबरिया येथे झाला. वडील वनखात्यात होते. प्राथमिक शाळेत रझांचे मन अभ्यासात लागत नसे. तेव्हा एका शिक्षकांनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याकडे पाहत राहण्यास सांगितले, ही आठवण रझांनी पुढे अनेकदा सांगितली आहे.

पुढे नागपूरची कलाशाळा, मुंबईचे जे. जे. कला विद्यालय, १९४७ मधील प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप आणि १९५० नंतर फ्रान्स असा त्यांचा प्रवास झाला. तेथे त्यांनी दीर्घकाळ निसर्गचित्रे केली. बिंदू त्यांच्या चित्रांचा केंद्रविषय झाला तो १९८० च्या सुमारास, म्हणजे त्या वर्गातील प्रसंगानंतर जवळजवळ अर्धशतकाने. २०१६ साली त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या इच्छेनुसार मंडला येथे दफन करण्यात आले.

या हकिकतीत शिक्षकांनी मुलाला ठिपका काढावयास लावले नव्हते. त्यांनी त्याला पाहावयास लावले होते. आपल्या उपक्रमात क्रम उलटला आहे. रझांनी पन्नास वर्षांनी गाठलेले उत्तर आपण पस्तीस मिनिटांच्या तासात मुलाच्या हाती देतो आणि ते पाहणे मात्र वगळतो.

नक्कल हाच दोष आहे काय?

या ठिकाणी दुसरे टोक गाठण्याचाही धोका आहे. व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात नकलेमुळे मुलाची स्वतःची अभिव्यक्ती खुंटते, असे प्रतिपादन केले. उलट ब्रेंट व मार्जरी विल्सन यांनी १९७७ मध्ये दाखवून दिले की, मुले चित्रभाषा शिकतात ती बऱ्याच अंशी इतरांच्या चित्रांवरूनच. हे दुसरे मत अनुभवाला अधिक धरून आहे. स्वतः व्हॅन गॉग यांनी १८८९-९० मध्ये सँ-रेमी येथील रुग्णालयात असताना मिले यांच्या चित्रांवरून सुमारे वीस चित्रे केली. समोर होती ती बहुतांशी कृष्णधवल मुद्रिते. रंग त्यांनी स्वतःच्या मनाने योजले. ती नक्कलच होती, परंतु तिच्यात नक्कल करणाऱ्याला निर्णय घेण्यास जागा होती.

म्हणून दोष नकलेचा नाही. वर्तुळ कोठे असावे, केवढे असावे, कोणत्या रंगाचे असावे, हे सारे आधीच ठरलेले असते. मुलाच्या वाट्याला फक्त रंग भरणे उरते, हा खरा दोष आहे.

पर्याय

लंडनच्या नॅशनल गॅलरीचा ‘टेक वन पिक्चर’ हा प्राथमिक शाळांसाठीचा कार्यक्रम १९९५ पासून चालू आहे. त्यात सर्व शाळांना संग्रहातील एकच चित्र दिले जाते. त्यावरून प्रत्येक वर्गाने आपली वाट शोधावयाची असते. कोणी चित्रातील वस्तूंचा मागोवा घेतो, कोणी गोष्ट रचतो, कोणी मातीत किंवा कापडात काम करतो. चित्र एक, निष्पत्ती अनेक.

आपल्याकडे यासाठी मोठा खर्च लागत नाही. मुलांना रझांचे चित्र दाखवून पाच मिनिटे बोलू न देता नुसते पाहू द्यावे. नंतर ‘‘तुमच्या घरी, गल्लीत अशी कोणती गोष्ट आहे, जिच्याकडे पाहिलं की नजर हलत नाही?’’ एवढेच विचारावे. तव्यावरची भाकरी, सायकलचे चाक, आजोबांच्या चष्म्याची काच, विहीर यांपैकी काहीही येईल. साठ मुलांच्या वर्गात हे अवघड आहे, हे मान्य. परंतु साठ झाकणे जमवून आणणेही सोपे नसते.

समारोप

अशा उपक्रमाचे मूल्यमापन करताना एक साधी कसोटी लावता येईल. कागदांमागची नावे झाकून भिंतीकडे पाहावे. कोणते चित्र कोणाचे हे वर्गशिक्षकास ओळखता आले, तर मुलांनी चित्रकाराकडून काही घेतले असे म्हणता येईल. सारीच चित्रे एकसारखी दिसली, तर ते चित्र शिक्षकाचे. मुलांचे केवळ हात राबले. त्या मुलीने विहिरीत वाकून आभाळ पाहिले होते. रझांच्या शिक्षकांना जे अपेक्षित होते, ते त्या वर्गात तिनेच केले होते आणि तिचाच कागद टेबलावर राहिला.