पश्चिम घाटाच्या वादातील वाक्छल

माधव गाडगीळ समितीने २०११ च्या अहवालात पश्चिम घाटाचे तीन संवेदनशील विभाग कल्पिले. प्रत्येकातील निर्बंध निराळे. तिसऱ्या विभागात तर खाणकामासही कडक नियमांखाली वाव होता. अनेक विरोधकांनी मात्र ‘संवेदनशील’ म्हणजे ‘निषिद्ध’ असे गृहीत धरून त्या कल्पित बंदीचेच खंडन केले. वक्त्याच्या अभिप्रायाहून भिन्न अर्थ कल्पून त्यास दूषण देणे, यासच न्यायदर्शनात वाक्छल म्हणतात. २०१४ साली माळीण येथे दरड कोसळली, ती अहवाल बाजूस सारल्यामुळेच, हा युक्तिवादही निर्दोष नव्हे. केवळ पौर्वापर्याने कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. उभयपक्षी हानी एकच झाली: विभागांच्या सीमा व निर्बंध ग्रामसभांच्या विचाराने ठरावेत, ही अहवालातील मूळ सूचना मागे पडली.