टिंटर्नचे छप्पर

भग्न वास्तू पाहावयास जाणाऱ्याने प्रथम वर पाहावे, असे आमचे मत आहे. वेल्समध्ये वाय नदीच्या काठी टिंटर्न येथे सिस्टर्शियन साधूंचा मठ होता. त्याच्या चर्चमध्ये आम्ही उभे राहिलो तेव्हा कमानी व पश्चिमेच्या खिडकीची दगडी जाळी जागच्या जागी होती. छप्पर तेवढे नव्हते. काळाने नेले, असे सोबतचे प्रवासी म्हणाले. आमचा व्यवसाय वकिलीचा असल्याने आम्ही कागद पाहतो.

११३१ मध्ये स्थापन झालेल्या या मठाचे वार्षिक उत्पन्न १५३५ च्या मोजणीत १९२ पौंड भरले. पुढील वर्षी आठव्या हेन्रीच्या पार्लमेंटने २०० पौंडांखालील मठ विसर्जित केले. आठ पौंड कमी पडले! (ते असते तरी मुदत फार मिळती ना, १५४० पर्यंत मोठे मठही गेले.) जागा वूस्टरच्या अर्लला मिळाली, छपराचे शिसे विकले गेले, पुढचे काम पावसाने केले.

विल्यम गिल्पिन याचे वाय नदीचे प्रवासवर्णन १७८२ चे. या धर्मोपदेशकास मठाच्या त्रिकोणी भिंती फार नेटक्या वाटल्या. हातोडा बेताने चालविल्यास देखावा सुधारेल, असे तो सुचवितो. हेन्रीच्या माणसांना निदान पैसा हवा होता. या रसिकास केवळ चित्र हवे आहे. तथापि त्याच पुस्तकात एक पांगळी भिकारीण साधूंचे ग्रंथालय दाखविते म्हणून त्याला नेते आणि दाखविते ती आपली ओलसर खोपी. येथे गिल्पिन हातोडा विसरतो. पुस्तक वाचावे ते या पानासाठी.

वर्डस्वर्थच्या १७९८ च्या विख्यात कवितेच्या शीर्षकात मठ आहे, कवितेत नाही. काव्य थोर खरे. पण मथळ्यात मिळकतीचे नाव लिहून आत तिचा उल्लेखही न करणारा दस्त आम्ही पक्षकारास परत दिला असता.

आमच्या वाचकांना अशा जागी मंगेशाची आठवण होणारच. १५६० मध्ये तो कुशस्थळीहून झुआरी ओलांडून प्रियोळास गेला, कारण पलीकडे पोर्तुगीजांचा अंमल नव्हता. पूजा चालू राहिली. वाय नदीच्या दोन्ही तीरांवर हुकूम एकाच राजाचा होता.

१९०१ मध्ये सरकारने हे अवशेष विकत घेतले. भिंतींची डागडुजी झाली, गिल्पिनला प्रिय असलेली वेलही काढली गेली. आम्ही निघालो तेव्हा पाऊस सुरू झाला होता, आणि साधू जेथे प्रार्थनेस उभे राहत तेथील हिरवळ भिजत होती.